माहेरचे नाव

मुलगा वडिलांच्या मागोमाग राजकारणात आला तर त्याचे कुणालाच नवल वाटत नाही. पण वडील मुलाच्या मागोमाग संसदेत गेले, असे सहसा ऐकायला मिळत नाही. आयर्लंडमधील लेनिहान घराण्यात मात्र तसे घडले. मुलगा ब्रायन १९६१ साली तेथील लोकसभेत, म्हणजे ‘डॉल’मध्ये निवडून आला आणि १९६४ मध्ये न्यायमंत्री झाला. वडील पॅट्रिक त्याच्यानंतर, १९६५ च्या निवडणुकीत डॉलचे सदस्य झाले. बापलेक एकाच सभागृहात बसू लागले आणि त्यात मंत्री होता तो मुलगा!

याच घरातली सर्वांत धाकटी मुलगी म्हणजे मेरी. विवाहानंतर त्या मेरी ओ'रूर्क झाल्या आणि याच नावाने आयर्लंडने त्यांना जवळजवळ चाळीस वर्षे ओळखले. शिक्षिका, नगरसेविका, मंत्री, पक्षाच्या उपनेत्या अशा पायऱ्या त्या चढत गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मतदानपत्रिकेवर त्यांचे सासरचे नाव असे. पण त्या लेनिहानांच्या घरची लेक आहेत, हे प्रत्येक मतदाराला ठाऊक असे. माहेरच्या नावाने त्यांना काय दिले आणि त्या नावापायी त्यांना काय सोसावे लागले, याची ही कहाणी आहे.

नदीकाठचे घर

ॲथलोन हे आयर्लंडच्या मध्यभागी, शॅनन नदीच्या काठावर वसलेले गाव. पॅट्रिक लेनिहान तेथील कापड कारखान्याचा कारभार पाहण्यासाठी आले आणि तिथलेच झाले. ३१ मे १९३७ रोजी मेरींचा जन्म झाला. गावाजवळच्या सरोवराकाठी असलेले हॉडसन बे नावाचे हॉटेल त्यांचे आई-वडील चालवीत आणि कुटुंबाचा मुक्कामही तेथेच असे. हॉटेल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता. गावातल्या भानगडी, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी, पक्षातल्या कुरबुरी हे सारे मुलांच्या कानांवर पडत असे. राजकारण शिकण्यासाठी मेरींना घराबाहेर जावेच लागले नाही.

मात्र पुढचा प्रवास आयता नव्हता. पदवी घेऊन त्या ॲथलोनमध्ये माध्यमिक शाळेत शिकवू लागल्या. संसार मांडला, दोन मुले वाढवली. १९७० च्या मार्च महिन्यात वडील गेले. आयर्लंडमध्ये सदस्याचे निधन झाले की त्याच्या पत्नीला किंवा मुलाला तिकीट देण्याची रीत जुनीच आहे. एंडा केनी १९७५ मध्ये असेच वडिलांच्या जागेवर निवडून आले, ब्रायन कोवेन १९८४ मध्ये आले आणि पुढे दोघेही पंतप्रधान झाले. सुरुवातीच्या काळात डॉलमध्ये पोचलेल्या स्त्रियांपैकी बऱ्याचजणी दिवंगत सदस्यांच्या पत्नी, मुली नाहीतर बहिणी होत्या. मेरींच्या वाट्याला असे काही आले नाही. वडिलांची जागा पोटनिवडणुकीत विरोधी पक्षाने जिंकली आणि मेरी आपल्या वर्गावर शिकवत राहिल्या.

त्यांनी सुरुवात केली ती अगदी तळापासून. १९७४ मध्ये ॲथलोनच्या नगर परिषदेत, १९७९ मध्ये जिल्हा परिषदेसारख्या काउंटी कौन्सिलमध्ये, १९८१ मध्ये वरिष्ठ सभागृहात म्हणजे ‘शॅनड’मध्ये आणि अखेर नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीत डॉलमध्ये त्या पोचल्या. वडिलांचा मतदारसंघ बारा वर्षांनी लेकीने परत मिळवला. १६६ सदस्यांच्या त्या सभागृहात तेव्हा स्त्रिया होत्या अवघ्या १४.

नाव कशासाठी उपयोगी पडते?

आयर्लंडमध्ये राजकीय घराणी इतकी कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. विल्यम कॉसग्रेव्ह आणि त्यांचे पुत्र लिअम, दोघेही सरकारचे प्रमुख झाले. डी व्हॅलेरा यांची नातवंडे मंत्री झाली. याचे एक कारण तेथील मतदान पद्धतीत आहे. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच सदस्य निवडले जातात. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. आपल्याकडे राज्यसभेच्या आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अशीच पसंतीची मते असतात. फरक एवढाच, की तिथे सामान्य मतदारही असेच मत देतो.

या पद्धतीत एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एका मतदारसंघात उभे राहतात. म्हणजे खरी चुरस पुष्कळदा विरोधकाशी नसते, स्वपक्षातल्या सोबत्याशीच असते. पक्षाचे नाव दोघांनाही सारखेच. मग मतदार पाहतो तो माणूस आणि त्याचे घर. कुणाचे वडील आपल्या अडीअडचणीला धावून आले होते, कुणाचा भाऊ अंत्ययात्रेला हजर होता, हे लोक विसरत नाहीत. घराण्याचे नाव अशा वेळी कामाला येते. पण त्याच पद्धतीमुळे नाव असूनही मनुष्य घरी बसू शकतो, हेही मेरींना पुढे अनुभवायचे होते.

बाई शिक्षणमंत्री होतात

१९८७ मध्ये चार्ल्स हॉही यांच्या मंत्रिमंडळात मेरी ओ'रूर्क शिक्षणमंत्री झाल्या. भाऊ ब्रायन त्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री आणि उपपंतप्रधान. आयर्लंडच्या मंत्रिमंडळात भाऊ-बहीण एकत्र बसण्याची ती पहिलीच वेळ.

शाळेतल्या बाई शिक्षणमंत्री झाल्या म्हणून शिक्षक सुखावले असतील. पण काळ मोठा कठीण होता. देश कर्जात बुडालेला, बेकारी भरमसाठ, तरुण पोटासाठी इंग्लंड-अमेरिकेकडे निघालेले. सरकारने प्रत्येक खात्याच्या खर्चाला कात्री लावली. प्राथमिक शाळांत एका शिक्षकामागे अधिक मुले बसवण्याचे परिपत्रक याच बाईंच्या खात्याने काढले. पालक आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. ज्यांनी स्वतः खडू हातात धरला होता, त्यांनाच भरलेल्या वर्गांचे समर्थन करावे लागले. अखेर सरकारला त्या धोरणात माघार घ्यावी लागली.

त्यांच्याच कारकिर्दीत, १९८९ मध्ये लिमरिक आणि डब्लिन येथील दोन उच्च शिक्षणसंस्थांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतर स्थापन झालेली ही पहिली विद्यापीठे. पूर्वी शिकून बाहेर जाणाऱ्या मुलांना पुढे देशातच काम मिळू लागले, त्यात अशा संस्थांचा वाटा मोठा आहे.

भाऊ की सरकार?

या कारकिर्दीतली खरी कसोटी आली १९९० च्या शरद ऋतूत. ब्रायन लेनिहान त्या वर्षी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवत होते. आदल्याच वर्षी अमेरिकेत त्यांच्यावर यकृतरोपणाची अवघड शस्त्रक्रिया झाली होती. स्वभाव दिलखुलास, सर्व पक्षांत मित्र. निवडून येणार ते ब्रायनच, असे सगळे धरून चालले होते.

प्रकरण निघाले आठ वर्षांपूर्वीचे. २७ जानेवारी १९८२ रोजी अर्थसंकल्पावर हार होऊन सरकार कोसळले होते. त्या रात्री राष्ट्रपतींनी डॉल विसर्जित करू नये, म्हणून हॉहींच्या पक्षाकडून राष्ट्रपती भवनात दूरध्वनी गेले होते. आपण तसा दूरध्वनी केला नव्हता, असे ब्रायन यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी मुलाखत दिली होती आणि त्या ध्वनिफितीत ते नेमके उलट बोलले होते. ती फीत लोकांसमोर वाजली आणि एकच गहजब झाला. ब्रायन यांनी पुन्हा दूरचित्रवाणीवर येऊन, नीट आठवले असता आपण दूरध्वनी केलाच नव्हता असे वाटते, असा खुलासा केला. तो कुणाला पटला नाही.

सरकार आघाडीचे होते. लेनिहान जात नसतील तर आम्ही जातो, असे सहकारी पक्षाने बजावले. ब्रायन राजीनामा देईनात. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९० रोजी हॉहींनी आपल्या जुन्या मित्राला मंत्रिमंडळातून काढून टाकले. मतदानाला उरला होता एकच आठवडा.

बहीण त्याच मंत्रिमंडळात होती. अशा वेळी काय करावे? राजीनामा देऊन भावासोबत बाहेर पडावे, तर सरकार अधिकच डळमळणार. राहावे, तर रक्ताच्या नात्याला पाठ दाखवल्यासारखे. मेरींनी एक तिसरीच वाट धरली. त्या मंत्री म्हणून राहिल्या आणि निवडणुकीत उघडपणे भावाच्या बाजूने उभ्या राहिल्या. काहींना हे दोन दगडांवर पाय ठेवणे वाटले असेल. पण बहिणीने राजीनामा दिला असता, तरी भावाची गेलेली जागा परत येणार नव्हती.

७ नोव्हेंबरला मतदान झाले. पहिल्या पसंतीची सुमारे ४४ टक्के मते ब्रायन यांना पडली, मेरी रॉबिन्सन यांना सुमारे ३९ टक्के. तिसऱ्या उमेदवाराची मते वाटली गेली तेव्हा मात्र पारडे फिरले आणि रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. देशातील स्त्रियांच्या दृष्टीने तो आनंदाचा दिवस होता. लेनिहानांच्या घरातल्या कर्तृत्ववान स्त्रीला मात्र तो आपल्या भावाच्या पराभवाचा दिवस म्हणूनच लक्षात ठेवावा लागला.

ब्रायन लेनिहान १ नोव्हेंबर १९९५ रोजी वारले. त्यानंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मित्रांनी आणि उद्योगपतींनी जमवलेल्या निधीतील मोठी रक्कम हॉहींनी स्वतःसाठी वळवली होती, असा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने २००६ मध्ये काढला. ज्या नेत्याच्या पाठीशी हे घराणे वर्षानुवर्षे उभे राहिले, १९९१ च्या पक्षातील बंडाळीतही मेरींनी ज्याची साथ सोडली नाही, त्याच नेत्याविषयीचा हा निष्कर्ष होता.

सहा मते

१९९२ च्या फेब्रुवारीत हॉही पायउतार झाले आणि फिआना फॉल पक्षाच्या नेतेपदासाठी निवडणूक झाली. मेरी ओ'रूर्क रिंगणात उतरल्या. या पक्षाच्या नेतेपदासाठी उभी राहिलेली ती पहिली स्त्री. निकाल आधीच स्पष्ट होता. अल्बर्ट रेनल्ड्स यांना ६१, मायकल वूड्स यांना १० आणि मेरींना ६ मते मिळाली.

सहा मते म्हणजे नामुष्कीच, असे म्हणणारे होते. नव्या नेत्याने त्यांचे मंत्रिपद काढून राज्यमंत्रिपद दिले. दुसरी एखादी रुसून घरी बसली असती. मेरींनी दिलेले काम पत्करले आणि नेटाने केले. १९९४ च्या अखेरीस बर्टी अहर्न नेते झाले, तेव्हा त्यांनी मेरींना पक्षाचे उपनेतेपद दिले. १९९७ मध्ये त्या पुन्हा मंत्री झाल्या. या वेळी त्यांच्याकडे रेल्वे, वीज, विमानसेवा, दूरसंचार अशा सार्वजनिक उद्योगांचे खाते आले.

या खात्याने त्यांना नाव दिले, तशीच बोलणीही खायला लावली. जुलै १९९९ मध्ये सरकारी दूरसंचार कंपनीचे समभाग जनतेला विकण्यात आले. एका समभागाची किंमत ३.९० युरो. पाच लाखांहून अधिक सामान्य लोकांनी घरातली शिल्लक काढून हे समभाग घेतले. त्यांतल्या अनेकांनी त्याआधी कधी शेअर बाजाराचे तोंडही पाहिले नव्हते. भाव थोडा चढला आणि मग घसरतच गेला. लोकांचे पैसे बुडाले. कंपनीचा भाव काही मंत्री ठरवत नाही. पण सरकारच विकते आहे म्हटल्यावर त्यात धोका नसणार, असे लोकांनी मानले होते. तो राग मंत्र्यांवर निघाला आणि पुढे कित्येक वर्षे निघत राहिला.

हार, आणि पुन्हा उभे राहणे

२००१ मध्ये पती एंडा गेले. पाठोपाठ २००२ ची निवडणूक आली. मतांची विभागणी नीट व्हावी, म्हणून पक्षाने मतदारसंघाचे भाग उमेदवारांत वाटून दिले होते. त्या हिशेबात सहकारी उमेदवार निवडून आला आणि मेरी ओ'रूर्क पडल्या. पक्षाच्या उपनेत्या, मंत्री, वीस वर्षांच्या डॉल सदस्य. पण स्वपक्षाच्याच वाटणीत त्यांची जागा गेली.

वय ६५. घरी परतावे, नातवंडांत रमावे, असे म्हणण्यासारखा मुहूर्त. पंतप्रधानांनी त्यांना वरिष्ठ सभागृहात नामनियुक्त केले. आपल्या राज्यसभेत बारा सदस्य राष्ट्रपती नेमतात, ही कल्पना आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्याच घटनेवरून घेतली आहे. मेरी त्या सभागृहात सत्ताधारी पक्षाच्या नेत्या झाल्या. पाच वर्षे सभागृह चालवले. आणि मे २००७ मध्ये, सत्तरी गाठायला आठवडा उरलेला असताना, त्या पुन्हा डॉलवर निवडून आल्या. हा विजय मात्र भावाचा वा वडिलांचा नव्हता. नगरपालिकेपासूनच्या तेहतीस वर्षांच्या कामाची ती पावती होती.

आत्या आणि भाचा

या वेळी डॉलमध्ये तीन लेनिहान होते. मेरी आणि त्यांच्या भावाची दोन मुले, ब्रायन व कॉनर. धाकटे ब्रायन हे केंब्रिजला शिकलेले नामांकित वकील. वडिलांच्या निधनानंतर १९९६ मध्ये डब्लिन वेस्टची पोटनिवडणूक त्यांनी अगदी थोड्या मतांनी जिंकली होती. मे २००८ मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि चारच महिन्यांत आयर्लंडच्या बँका कोसळू लागल्या.

सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्रीत सरकारने बँकांच्या देण्यांची हमी घेतली. रक्कम होती सुमारे ४४० अब्ज युरो. त्या निर्णयाविषयी आयर्लंडमध्ये नंतरही वर्षानुवर्षे वाद होत राहिले. पगार कापले गेले, कर वाढले. सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारी मोफत वैद्यकीय सवलत काढण्याचे अर्थमंत्र्यांनी जाहीर केले, तेव्हा हजारो वृद्ध संसदेसमोर जमले आणि सरकारला काही अंशी नमते घ्यावे लागले. भाचा सरकारी बाकावर आणि स्वतः सत्तरी ओलांडलेली आत्या त्याच पक्षाच्या मागच्या बाकावर, असे ते चित्र होते.

डिसेंबर २००९ मध्ये ब्रायन यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ख्रिसमसच्या दुसऱ्याच दिवशी एका वाहिनीने ही बातमी देशभर पोचवली. सणाचे चार दिवस तरी या कुटुंबाला द्यायला हवे होते, अशी टीका झाली. ब्रायन यांनी उपचार घेत पद सांभाळले. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली. ८५ अब्ज युरोंची ती योजना होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये मतदारांनी हिशेब चुकता केला. सत्तरहून अधिक जागा असलेला फिआना फॉल पक्ष २० वर आला. मेरी ओ'रूर्क पडल्या, कॉनर पडले. साऱ्या डब्लिनमध्ये पक्षाचा एकच उमेदवार टिकला, तो म्हणजे आजारी ब्रायन. १० जून २०११ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी तेही गेले. १९६१ पासून ज्या घराण्याने डॉलला पाच सदस्य दिले, त्याची तिथली बैठक पन्नास वर्षांनी मोडली.

याच डब्लिन वेस्टमधून २००७ मध्ये ब्रायन यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टरही प्रथमच निवडून आला होता. त्याचे नाव लिओ वराडकर. वडील अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. आयर्लंडच्या राजकारणात या घरातले कुणी नव्हते. तरीही २०१७ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, लिओ पंतप्रधान झाले. म्हणजे घराण्याविना दार उघडत नाही, असे नाही. घराण्यामुळे ते लवकर उघडते, एवढेच.

उरले ते

पराभवानंतर मेरी ओ'रूर्क गप्प बसल्या नाहीत. २०१२ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहिले आणि ते खूप वाचले गेले. आकाशवाणीवर त्या मोकळेपणाने बोलत. गाठीशी भाऊ गेल्याचे, पती गेल्याचे, भाचा गेल्याचे दुःख होते; पण त्याचे भांडवल त्यांनी केले नाही.

राजकारणी घरात जन्मलेल्या मुलाला सारे आयते मिळते, असे आपण सहज म्हणतो. ओळख, धडे, पहिला पाठिंबा हे मिळते, यात शंका नाही. ज्याच्यापाशी ते नाही, त्याच्यावर हा अन्यायच आहे. पण मिळालेल्या नावाबरोबर घरातल्या प्रत्येकाच्या चुकाही पदरात येतात. भावाचा शब्द फिरला, तर बहिणीला मान खाली घालावी लागते. भाच्याच्या निर्णयाचा राग आत्याला भोगावा लागतो. मेरी ओ'रूर्क यांनी नावाचा फायदा नाकारला नाही आणि किंमत द्यायची वेळ आली तेव्हा कुरकुरही केली नाही. सहा मते पडली तरी दुसऱ्या दिवशी कामावर जाणे आणि पासष्टाव्या वर्षी हरल्यावर सत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पुन्हा मत मागायला निघणे, हे मात्र त्यांना कुणी वारसा म्हणून दिले नव्हते. ते त्यांनी स्वतः कमावले होते.